रेवू, आधी जमीन मोकळी कर

रेवू, गॅरेजमध्ये घरची जिम करायचं तुझ्या मनात आलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तू पाठवलेली यादीही वाचली. ट्रेडमिल, मल्टिजिम, सायकल आणि भिंतभर आरसा. अगं, ही यादी जरा बाजूला ठेव. तुझं गॅरेज १० बाय १५ फुटांचं. एकटी ट्रेडमिलच साधारण सहा फूट लांब असते, आणि पाय सटकला तर माणूस मागे फेकला जातो म्हणून तिच्या मागे दोन मीटर जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे १५ फुटांतले साडेबारा फूट एका यंत्राने खाल्ले. मग बैठका मारायला आणि चटई टाकून आडवं व्हायला तू जाणार कुठे? लहान गॅरेजमधलं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे रिकामी जमीन. ती राखलीस तर बाकीचं थोडक्यात भागतं.

हे सगळं कशासाठी, तेही एकदा मनाशी पक्कं कर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. पहिलं आपण बायका चालून भागवतो. दुसरं राहूनच जातं. ‘दिवसभर घरात राबते की मी’ असं तू म्हणशील. राबतेस, मान्य. पण घागर तीच, बादली तीच, सिलिंडर तोच. शरीराला त्याची सवय झालेली असते. स्नायू वाढतात ते भार थोडाथोडा वाढत गेला तर.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाचे ते महिने आपण दोघींनी काढलेत. पायांत ताकद असती तर तिला निदान सावरता आलं असतं, असं मला आजही वाटतं. शिवाय बाबांची शुगर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत आपल्या देशात मधुमेह असलेल्यांचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात, आणि ते कामाला लागलेले असले की चांगलं करतात. तू छत्तिशीत आहेस. सुरुवात करायला हे वय उत्तम आहे.

आता गॅरेजकडे वळू. सुहासरावांची गाडी तशीही अंगणातल्या शेडमध्येच असते. आत आहेत आंब्याच्या रिकाम्या पेट्या, रंगाचे डबे, सोलायचे राहिलेले नारळ आणि अर्णवची जुनी सायकल. सगळं बाहेर काढ. कोपऱ्यातलं काढताना हातात काठी घे आणि पायात बूट घाल, पावसाच्या तोंडावर अशा अडगळीत विंचू आणि साप दोन्ही आसरा घेतात. पेट्या पुढच्या हंगामाला लागणार असतील तर माळ्यावर टाक. रंग, थिनर, रॉकेल, जादाचा सिलिंडर यांतलं काहीही आत ठेवू नकोस. स्कूटर पडवीत लाव. पावसात एखाद्या दिवशी ती आत घ्यावी लागली तरी इंजिन आत सुरू ठेवायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो जीव घेतो. इन्व्हर्टर आतच असेल तर बॅटरीवर काही पडणार नाही अशा बाजूला तो घे. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे हवा खेळती हवीच.

जागा रिकामी झाली की एक बादली पाणी ओत आणि ते कुठे वाहतं ते बघ. गॅरेजच्या जमिनीला बहुधा शटरकडे उतार ठेवलेला असतो. तो वाईट नाही, पण वजनं घेऊन उभं राहायची जागा सपाट लागते. एक पाय बोटभर खाली असेल तर कंबरेवर ताण तिरका येतो. सगळ्यात कमी उताराची जागा शोध आणि तिथे ८ बाय ४ फुटांचा, १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायवूड टाक. खाली पातळ पट्ट्या घालून सुताराकडून तो लेव्हलमध्ये बसवून घे. वर जिमची रबर मॅट अंथर, १५ ते २० मिलिमीटर जाडीची. योगासनांची पातळ चटई इथे चालत नाही, ती दबते आणि सरकते. रबर नवीन असताना उग्र वास येतो, म्हणून आणल्यावर चार दिवस अंगणात उघडं ठेव. पाऊस सुरू झाला की महिन्यातून एकदा मॅटच्या कडा उचलून खाली ओल धरली आहे का ते पाहायचं. शटरच्या खालून पाणी येत असेल तर गवंड्याकडून दोन इंचांचा उंबरा घालून घे आणि शटरच्या तळाला रबरी पट्टी लाव. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे काम मृगाच्या आधी झालेलं बरं.

वरचा पत्रा मेमध्ये तापतो. त्याखाली फॉल्स सीलिंग करायचं कुणी सुचवेल, तर नको म्हण. तुझी उंची त्यात जाईल. पत्र्याला बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घे, आणि शटरच्या समोरच्या भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा बसव. शटर हातभर उघडं ठेवलंस की हवा इकडून आत येते आणि तिकडून बाहेर जाते. रस्त्यावरून कुणी बघेल याचा संकोच वाटत असेल तर शटरच्या आत बांबूची चिक सोड. वारा येईल आणि आडही होईल.

छताचा पंखा मात्र तिथे अजिबात नको. डोक्यावर बार उचललास आणि वर पंखा फिरतोय, हे चित्र मला नको आहे. भिंतीवरचा पंखा घे आणि तो तुझ्या बाजूने वारा देईल असा लाव. ट्यूबलाइट दोन लाव, म्हणजे सावली पडणार नाही. ओल्या दिवसांत घामेजल्या हाताने बटणं दाबली जातात, तेव्हा वायरमनकडून अर्थिंग तपासून घे आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवून घे.

उंचीही मोजून घे. पत्रा उतरता असल्यामुळे एका बाजूला ती जास्त असणार. दोन्ही हात सरळ वर कर आणि सुहासरावांना मुठींपासून पत्र्यापर्यंतचं अंतर मोजायला सांग. बारच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. म्हणजे हाताच्या वर आणखी साडेबावीस सेंटिमीटर गेले. तेवढं सोडून आणखी वीतभर उरत असेल तर उभ्याने वजन डोक्यावर न्यायला हरकत नाही. नाहीतर तो व्यायाम बाकावर बसून करायचा.

आणि भिंतींचं नीट ऐक. तुझ्या भिंती चिऱ्याच्या आहेत. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात ठोकलेला बोल्ट झटके बसले की सैल होतो. पुलअपची दांडी चिऱ्यात बसवून तिला लोंबकळायचं नाही म्हणजे नाही. शटरच्या वर आरसीसीची तुळई असेल तर तिच्यात अँकर बोल्ट टाकून बसव, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घे. भिंतीवर रबरी बँड अडकवायचे हुक, टॉवेलची खुंटी, घड्याळ एवढंच असू दे. आरसा हवाच असेल तर हातभर रुंदीचा, जमिनीपासून दीड-दोन फूट वर लाव, म्हणजे घरंगळलेलं वजन त्यावर आदळणार नाही. खरं सांगू? स्टुलावर फोन ठेवून बाजूने स्वतःचा व्हिडिओ घेतलास की पाठीचा बाक आरशापेक्षा नीट दिसतो.

आता खडू घे आणि जमिनीवर आखणी कर. मधोमध प्लायवूडचा चौक. डाव्या भिंतीला वजनं, उजवीकडे उभा करून ठेवलेला बाक. दारातली तीन फुटांची पट्टी कायम मोकळी, कारण घाईत बाहेर पडायचा रस्ता तोच आहे. चौकात उभी राहून हात पसर, पुढे लांब पाऊल टाक, आडवी हो. कुठेही काही लागलं नाही की आखणी जमली.

खरेदीचं म्हणशील तर पहिल्या तीन महिन्यांत फार थोडं लागतं. प्लेट बदलता येणारी डंबेलची एक जोडी, ८ आणि १२ किलोची एकेक केटलबेल, हलका आणि जाड असे दोन रबरी बँड, आणि एक मजबूत सपाट बाक. बाकावर दोन्ही बाजूंनी बसून हलवून बघ, कुरकुरला तर सोडून दे. यातलं सगळं भिंतीकडेच्या तीन फुटांत मावतं. तीन महिने तू सातत्याने उतरलीस, की मग बार आणि स्टँडचा विचार करू. आधी नको. सुरुवातीच्या उत्साहात घेतलेल्या मोठ्या वस्तूंवर पुढे टॉवेल वाळतात, हे आपल्या नात्यातल्या किती घरांत पाहिलंयस तू.

बार घ्यायची वेळ आली की महिलांचा १५ किलोचा बार माग. दुकानदार २० किलोचा पुढे करतील, तो सव्वासात फूट लांब असतो. महिलांचा २ मीटरच्या जेमतेम वर, म्हणजे सुमारे ६ फूट ७ इंच. तुझ्या १० फुटी रुंदीत त्याच्या दोन्ही टोकांना दीड फुटाच्या वर जागा उरते आणि प्लेट चढवताना कोपर भिंतीला घासत नाही. त्याची जाडीही २५ मिलिमीटर असते, आपल्या मुठीत नीट बसते. या बारला ५० मिलिमीटर भोकाच्या प्लेट लागतात. बारीक दांडीच्या प्लेट त्यावर डुगडुगतील, म्हणून दोन्ही एकाच मापाचं घे. सव्वा किलोच्या प्लेटची जोडी आठवणीने घे. पाच-पाच किलोंच्या उड्या आपल्याला झेपत नाहीत, अडीच किलोंची वाढ झेपते.

जुनं सामान मिळालं तर बिनधास्त बघ. लोखंड म्हातारं होत नाही. बार जमिनीवर लोळवून पाहायचा, टोकं वरखाली उडत असतील तर तो वाकलेला आहे. टोकाचे स्लीव्ह हाताने फिरले पाहिजेत. स्टँडच्या वेल्डिंगवरून बोट फिरवून चिरा शोधायच्या. प्लेटवरचा आकडा डोळे झाकून मानायचा नाही, तुमच्या आंब्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक तोलून घे. ओतीव प्लेटच्या वजनात फरक पडतो आणि एका बाजूला अर्धा किलो जास्त असलं तरी खांद्याला ते कळतं. प्लेट किलोच्या भावाने मिळतात, म्हणून तोलून घेण्यात पैशांचाही हिशोब आहे.

स्टँड घेताना एकच अट. त्याला सेफ्टी आर्म हवेत, म्हणजे बार हातातून गेला तर अडवणारे आडवे लोखंडी हात. तू पहाटे एकटीच असणार. बार छातीवर अडकला तर हाक ऐकायला कुणी नसेल. सेफ्टी आर्म येईपर्यंत बारने बेंच प्रेस करायचा नाही. त्याऐवजी जमिनीवर पाठ टेकून डंबेलने कर. कोपर जमिनीला टेकतात, त्यामुळे वजन छातीपर्यंत येतच नाही.

खाऱ्या हवेचं दुखणं तुला मी वेगळं सांगायला नको, शटरच्या पट्ट्या काय होतात ते तू बघतेसच. व्यायाम झाला की बार कोरड्या फडक्याने पूस, घामातही मीठ असतं. आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन त्यावरून फिरव आणि जास्तीचं टिपून घे, नाहीतर पकड निसटेल. प्लेट जमिनीवर ठेवायच्या नाहीत, लाकडी पट्ट्यांवर उभ्या ठेवायच्या. डंबेल रबर चढवलेले घे. तरी गंज आलाच तर नायलॉनच्या ब्रशने घासून तेल लाव, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पाऊण तास. पाच मिनिटं सूर्यनमस्कार घालून अंग तापव. मग पाच गोष्टी. केटलबेल छातीशी धरून उकिडवं बसून उठणं. विळीवर बसायची सवय असल्याने तुझे गुडघे आणि घोटे छान वाकतात, हे तुझं भांडवल आहे. दुसरं, कंबरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, पाठ सरळ ठेवून. तिसरं, ढकलणं, म्हणजे जोर किंवा डंबेल प्रेस. जोर जमत नसतील तर बाकावर हात ठेवून घाल. चौथं, ओढणं, बाकावर एक हात टेकून दुसऱ्याने डंबेल कमरेपर्यंत. पाचवं, दोन्ही हातांत वजन घेऊन अंगणात चालणं. पहिल्या चारांच्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या. अजून दोन जमले असते असं वाटतं तिथे थांबायचं. बाराच्या तीन फेऱ्या नीट जमल्या की पुढच्या वेळी थोडं वजन वाढव. हे एका वहीत लिही, खुंटीला लटकवून ठेव.

अर्णवच्या वेळी तुझं सीझर झालं होतं आणि त्यानंतर कंबर धरते म्हणतेस. तेव्हा सुरुवातीआधी फिजिओथेरपिस्टला एकदा पोट आणि कंबर दाखव. जोर लावताना श्वास कोंडू नकोस, उचलताना सोड. खाण्याचं फार डोक्यात घेऊ नकोस, पण दोन अंडी किंवा मासळीचा तुकडा किंवा वाटीभर उसळ दोन्ही जेवणांत असू दे. स्नायू प्रोटीनवरच बांधले जातात.

अर्णवसाठी एक नियम आधीच घाल. आई आत असताना त्याने खडूच्या रेषेबाहेर बसायचं, आणि तू नसताना शटरला कुलूप. पाच वर्षांच्या बोटांना प्लेटच्या फटीत जायला क्षण लागत नाही.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, बाईमाणसाला वजनं शोभतात का? त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या तरुणपणी बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. ते आलं २००० साली सिडनीला, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझ जिंकलं. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. पुढे मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर नेले आणि रौप्य घेतलं. दोघींचे व्हिडिओ त्यांना चहा पिताना दाखव. वजनांमुळे बायकांचं अंग पुरुषांसारखं होत नाही, कारण तेवढं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नसतंच. आणि त्यांनाही आत बोलाव. पाठ टेकायची खुर्ची भिंतीला लावून ठेव, हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि बसायचं. त्यांच्या वयात पडण्यापासून वाचवणारा याहून सोपा व्यायाम मला माहीत नाही. आईसाठी मी हे उशिरापर्यंत शिकले नव्हते, म्हणून तुझ्या सासूबाईंसाठी तरी कर.

शेवटचं, आणि हे तुला एकटीलाच सांगते. त्या गॅरेजवर हळूहळू सगळे हक्क सांगायला लागतील. कुणाची पेटी येईल, कुणाची खुर्ची, कुणाचे वाळत घातलेले कपडे. घरात प्रत्येकाची एखादी जागा असते आणि बाईची म्हणून ओटा दाखवतात. हे १५० चौरस फूट तुझे आहेत, असं सुहासरावांना आणि सासूबाईंना पहिल्याच दिवशी हसून पण स्पष्ट सांग. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच ते सव्वासहा, या वेळेत चहाची मागणीसुद्धा तुझ्यापर्यंत यायला नको. सुहासराव समजूतदार आहेत, चहा ते करतील.

तर येत्या रविवारी काही विकत घेऊ नकोस. गॅरेज रिकामं कर, पाणी ओतून उतार बघ, उंची मोज आणि आकडे मला कळव. पुढचं मी तुला त्यावरून सांगेन. आणि सोमवारी, काहीही आलेलं नसलं तरी, साडेपाचला शटर उघडून सूर्यनमस्कार घालायला उभी राहा.